आग सगळ्यांनी पाहिली

१

कुंदनचा ट्रक जळताना आमोदखेड्यातल्या प्रत्येक माणसानं पाहिला होता, एक त्याची बायको सोडून.

मे महिन्याचे दिवस. तिकडे सीमेवर लढाई पेटलेली आणि इकडे रावेरच्या अलीकडच्या या केळीच्या गावात माणसं दिवसभर फोनमध्ये मान घालून बसलेली. कुठलं शहर पडलं, कुणाचं विमान पाडलं, हे पारावर सेनापतींच्याही आधी कळत होतं. त्यात आज सकाळी तो व्हिडिओ आला. केळीनं भरलेला ट्रक, भोवती धूर, कानठळ्या बसवणारा स्फोट आणि केबिनभर ज्वाळा. खाली लाल अक्षरं: ‘पंजाबच्या हायवेवर केळीच्या ट्रकवर शत्रूचा ड्रोन हल्ला.’ ट्रकच्या दारावर रंगवलेली ओळ धुरातूनही वाचता येत होती, ‘उखर्डू आबांची पुण्याई’. असा ट्रक साऱ्या खान्देशात एकच होता आणि तो तीन दिवसांपूर्वी केळी घेऊन उत्तरेला निघाला होता. कुंदनचा फोन कालपासून बंद होता.

रूपा माजघरात भिंतीला टेकून बसली होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. माहेर धुळ्याकडचं. नुकत्याच झालेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईनं हातभर हिरव्या बांगड्या भरून दिल्या होत्या, आणि मधोमध लाखेचं एक लालभडक कडं. या कड्यावरून सासरच्या बायकांनी तिची भरपूर टर उडवली होती. आज त्याच बायका तिच्याभोवती बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. ‘बाईमाणसानं असलं बघू नये’ म्हणून तिच्यासमोर कुणी फोन धरला नव्हता. तिनंही मागितला नव्हता. ज्यात आपला नवरा जळतो ते बघायची हिंमत तिच्यात नव्हती.

माणसं येत होती, दोन शब्द बोलून जात होती. चुलतसासरे अभिमन दारातूनच हात जोडून परत गेले. केळीचा व्यापारी चंदन मात्र आत आला, पागोट्यानं तोंड झाकून बसलेल्या उखर्डू आबांच्या पायाशी बसला आणि रूपाकडे बघून म्हणाला, “देवानं तुमाले तरी गाडीतून उतरवलं वहिनी. तेवढंच म्हणायचं.” मग खिशातला फोन वाजला म्हणून उठून गेला. मारुतीच्या पारावर शेतकरी त्याची वाट बघत होते. उत्तरेचा रस्ता पेटला म्हटल्यावर केळी पाठवणार कुठे? घड काही लढाई संपेपर्यंत झाडावर थांबत नाहीत. चंदन देईल त्या भावाला संध्याकाळी माल देऊन टाकायचा, असं गावानं ठरवलं होतं.

“दिवस मावळायच्या आत बांगड्या उतरवून घ्या पोरीच्या,” भागाबाई म्हणाली. ती नात्यानं चुलतसासू आणि मानानं साऱ्या भावकीची सासू होती. “उगाच पाप डोक्यावर नको.”

तिनं रूपाचा हात धरला तोच ओसरीवरून आवाज आला, “हात सोड तिचा, भागा. आणि आधी मला पाणी द्या कुणीतरी.”

इंदिराबाई आल्या होत्या, उखर्डू आबांची थोरली बहीण. जळगावच्या कोर्टात त्यांनी सारी नोकरी साक्षीदारांचे जबाब उतरवून घेण्यात घालवली होती. खोटं बोलणारी इतकी माणसं त्यांनी ऐकली होती की खरं बोलणारा भेटला तर त्या दचकत, असं कुंदन गमतीनं म्हणे. सारं गाव त्यांना अक्का म्हणायचं.

अक्का पाणी प्यायल्या, मग त्यांनी चष्मा चढवला, भागाबाईच्या नातवाचा फोन मागून घेतला आणि व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा पाहिला, आवाज बंद करून. मग जिथे तिथे बोट ठेवून थांबवत थांबवत पाहिला.

“उखर्डू,” त्या भावाला म्हणाल्या, “तुझा पोरगा या व्हिडिओत मेलेला नाही.”

२

आबांनी पागोटं बाजूला केलं. त्यांच्या डोळ्यांत आशा नव्हती, रागच होता. “अक्का, अठी पोरगा गेला अन् तुले कोर्ट सुचू राह्यलं?”

“ये इकडे. ट्रकवर काय दिसतं?”

“आग दिसते! अजून काय दिसंल?”

“आग सगळ्यांनी पाहिली. आगीच्या मागे बघ. घडांवर काय टाकलंय?”

“केळीची पानं. घासू नये म्हणून टाकतातच.”

“रंग?”

“हिरवा,” आबा म्हणाले. “मंग?”

अक्का अंगणात गेल्या. ट्रक भरला त्या दिवशीची उरलेली पानं गोठ्याच्या छपरावर टाकलेली होती. त्यातलं एक ओढून त्यांनी आबांच्या हातात दिलं. ते तपकिरी पडलं होतं. आबांनी मूठ आवळली तसा त्याचा चुरा झाला.

“एकाच दिवशी कापलेली पानं,” अक्का म्हणाल्या. “ही सावलीला पडून अशी झाली. ती तीन दिवस मे महिन्याच्या उन्हात, वाऱ्यात पंजाबपर्यंत गेली आणि हिरवीगार राहिली? शिवाय वजनकाट्यावर ताडपत्री बांधतात ना? ती कुठाय? हा ट्रक पंजाबात नाही. हा आत्ता भरून निघालाय. अजून काट्यावरसुद्धा पोचलेला नाही. आपल्याच शेतातल्या गाडीवाटेवर कुणीतरी हे चित्र घेतलंय, आणि आग फोनमध्ये बसून लावलीय. हल्ली त्याला काडीपेटी लागत नाही.”

जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. जन्मभर केळीत राबलेल्या माणसांना हे दिसू नये? पण घरातलं माणूस जळताना पानांचा रंग कोण बघतो?

“मंग कुंदन कठी शे?” भागाबाईनं विचारलं. “फोन काहून लागत नाही?”

अक्कांनी चष्मा काढला. खोटा दिलासा देणं त्यांना कधी जमलं नाही. “ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “व्हिडिओ खोटा आहे एवढंच मला कळतं. तो सुखरूप आहे हे त्यावरून ठरत नाही.”

रूपाच्या छातीत उभी राहिलेली आशा पुन्हा खाली बसली. पण अक्कांनी तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

“बांगड्या फोडायची रीत मला एरवीही पटत नाही. आज तर मी फोडू देणारच नाही. पण एवढ्यानं गाव ऐकायचं नाही. ज्यानं हे केलं त्याला गावासमोर उभा केला की पुराव्यानिशी तोंडं बंद होतील. चल माझ्याबरोबर. रडायचं असेल तर चालता चालता रड.”

३

गाडीवाट म्हणजे दोन्हीकडे केळीच्या भिंती आणि मधून एक ट्रक जेमतेम जाईल एवढी जागा. अक्का बांधाबांधानं बघत चालल्या आणि अभिमनच्या शेतापाशी थांबल्या. बांधावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळल्याची काळी राख लांबवर पसरली होती.

अभिमन मोटारीच्या खोलीतून बाहेर आला. आबांचा आणि त्याचा बांधावरून जुना वाद. बोलणं बंद, पण सोयर-सुतकात येणं-जाणं चालू, असं ते भांडण.

“धूर इथलाच,” अक्का म्हणाल्या. “कुंदनचा ट्रक इथून गेला तेव्हा तू पऱ्हाट्या जाळत होतास.”

“मी? मी त्या दिवशी सावद्याले होतो, अक्का.”

“दिवसभर?”

“सकाळपासून.”

“मग पऱ्हाट्यांनी स्वतःच पेट घेतला म्हणायचा.”

अभिमननं पायानं राख बाजूला सारली. तो काहीतरी पुटपुटला आणि मोटार बघायची आहे म्हणून आत निघून गेला. रूपाच्या अंगाचा तिळपापड झाला. “अक्का, हाच असंल. यालेच आमचं बरं झालेलं बघवत नाही.”

“हा खोटं बोलतोय यात शंका नाही,” अक्का चालायला लागत म्हणाल्या. “पण कशाबद्दल, ते अजून ठरायचंय. कोर्टात अर्धी माणसं भलत्याच कारणासाठी खोटं बोलतात.”

जाता जाता त्यांनी वाकून आबांच्या बाजूची केळीची कड न्याहाळली. तिथल्या तीन झाडांची पानं होरपळली होती. अक्का ‘हं’ म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

चंदन त्यांना वजनकाट्यावर भेटला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. कुंदनला शेवटचं कधी पाहिलं, असं अक्कांनी विचारलं.

“अखाजीला. त्याच्यानंतर नाही. खोटं कशाले बोलू? त्यानं लोकांचा माल आपल्या गाडीतून परस्पर उत्तरेले न्यायला सुरुवात केली, तवापासून आमचं बोलणं बंद शे. फोन बी नाही. ट्रक निघाला त्या दिवशी तर मी रावेरलेच होतो. पण म्हणून माणूस वाईटावर थोडाच असतो?” त्यानं डोळे पुसले. रूपाला त्याची कणव आली. भांडण असूनही दारात येऊन बसला होता तो.

आता राहिला योगेंद्र. व्हिडिओ सगळ्यात आधी त्याच्या चॅनेलवर झळकला होता. बसस्टँडजवळच्या गाळ्यात त्याचं ‘तापी दर्पण न्यूज’ होतं: एक टेबल, एक कोट, एक माईक आणि भिंतभर टीव्ही.

“सूत्रांनी पाठवला,” योगेंद्र कोटाची बटणं लावत म्हणाला. “सूत्रांची नावं सांगायची नसतात.”

“अनोळखी नंबर होता ना?”

योगेंद्रचा चेहरा पडला. “हो. पण बातमी दमदार होती, अक्का. मी फक्त लाल बाण टाकला अन् भोंगा लावला.”

“खरी आहे का, हे विचारलंस कुणाला?”

“विचारेपर्यंत दुसऱ्यानं लावली असती ना!”

अक्कांनी कपाळाला हात लावला. “लाव. टीव्हीवर लाव, मोठा करून. बाण आणि भोंगा काढून.”

रूपा दाराकडे वळली. पण गाळा केवढासा, पळणार कुठे? भिंतीवर ट्रक आला. हिरवी पानं हलत होती. धूर आला. ज्वाळा उसळल्या. रूपानं डोळे मिटले, आणि मग, का कोण जाणे, उघडले.

केबिनच्या डाव्या खिडकीतून, ज्वाळांच्या कडेला, क्षणभर एक हात बाहेर आला.

“थांबवा!” ती किंचाळली. सासरी आल्यापासून जपून बोलायला शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली आणि माहेरची अहिराणी तोंडातून फुटली. “हाऊ हात मना शे!”

४

चित्र थांबलं होतं. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि मधोमध लाखेचं लालभडक कडं. रूपानं आपला डावा हात टीव्हीजवळ नेला. पडद्यावरच्या आगीत आणि गाळ्यातल्या उजेडात, दोन्हीकडे एकच हात होता.

ज्या बांगड्या संध्याकाळी फुटायच्या होत्या, त्याच तिच्यासाठी साक्षीला उभ्या राहिल्या होत्या.

योगेंद्र कोटासकट खाली बसला. “म्हणजे... तुम्ही बी जळाल्या?”

“तू बातम्याच दे, बाबा. विचार करू नकोस,” अक्का म्हणाल्या आणि रूपाकडे वळल्या. “तू ट्रकमध्ये होतीस?”

रूपा लाजली. एवढ्या दुःखातही लाजली. त्या दिवशी माल भरणारी टोळी ट्रॅक्टरनं पुढे गेली होती. क्लीनर रावेरला चढणार होता. कुंदन म्हणाला, बस, मारुतीपर्यंत सोडतो. भरल्या गाडीत बाईमाणसानं बसलेलं आबांना चालायचं नाही, म्हणून ती शेतातच चढली आणि भर दुपारी पार ओस असताना, गाव लागायच्या आत मारुतीजवळ उतरून मागच्या वाटेनं घरी आली. वाटेत दोन्हीकडची पानं खिडकीला घासत होती. तिनं हात बाहेर काढून त्यांना लावत लावत नेला होता. तेवढाच त्यांचा प्रवास. धूर होता खरा, त्यामुळे पलीकडे कोण उभं आहे ते दिसलं नाही.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालेच नाही. आईलेसुद्धा नाही. तुम्हालेच आत्ता.”

“घरच्यांना?”

“आबा रागावले असते ना.”

“म्हणजे तू त्या गाडीत होतीस हे कुंदनला ठाऊक, तुला ठाऊक, आणि ज्यानं हे चित्र घेतलं त्याला. त्यानंही आग लावताना आगच पाहिली. तुझा हात तसाच राहून गेला.” अक्कांनी चष्मा पुसला. “आता नीट आठव. या तीन दिवसांत, बोलता बोलता...”

पण रूपा ऐकतच नव्हती. तिला सकाळचं माजघर दिसत होतं. सकाळी बधिर कानांवरून घसरून गेलेलं एक वाक्य आता परत आलं होतं, शब्दन् शब्द.

“अक्का,” ती म्हणाली, “मले कळलं कोण ते.”

५

मारुतीच्या पारावर सारं गाव जमलं होतं. उन्हं कलली होती. चंदन मधल्या खुर्चीवर बसला होता आणि शेतकरी खाली माना घालून उभे होते. मुलासारखी वाढवलेली बाग मातीमोल द्यायची म्हणजे मान वर राहणार कशी? आबांना कुणीतरी आणून बसवलं होतं. भागाबाई बायकांच्या घोळक्यात होती.

अक्का आल्या, मागे रूपा, आणि तिच्या मागे माईक घेऊन योगेंद्र. “लाईव्ह चालू ठेव,” अक्कांनी त्याला दटावलं. “तुझं पाप तुझ्याच माईकनं धुऊन निघू दे. तालुक्याच्या पोलिसांनाही बोलावलंय, तेही बघतील.”

आधी अक्कांनी पानांची गोष्ट सांगितली. चुरा झालेलं पान हातोहात फिरलं. मग योगेंद्रनं व्हिडिओ थांबवून दाखवला आणि रूपानं काही न बोलता आपला हात उंच केला. पारावरून एकच आवाज उठला. भागाबाई तर पुढे येऊन कड्याला हात लावून खात्री करून गेली.

“मंग हे केलं कोणी?” आबा उठून उभे राहिले.

“सांगते. चंदन, कुंदनला तू अखाजीनंतर पाहिलं नाहीस?”

“नाही म्हटलं ना.”

“त्याच्याशी बोलणं?”

“बंद. गाव जाणतं.”

“आणि ट्रक निघाला तेव्हा तू रावेरला.”

“व्हय.”

अक्का बाजूला झाल्या. “पोरी, पुढचं तू विचार.”

रूपा पुढे आली. साऱ्या गावासमोर, सासऱ्यासमोर, ती कधी तोंड उघडून बोललेली नव्हती. पण तिनं चंदनच्या डोळ्यांत डोळे घातले.

“सकाळी तुम्ही म्हणाले, देवानं तुम्हाले तरी गाडीतून उतरवलं. मी गाडीत बसलेली तुम्हाले कसं ठाऊक?”

चंदन हसला, पण हसू ओठांवरच अडकलं. “मी कुठी असं म्हटलं?”

“म्हटलं!” भागाबाई कडाडली. “मी शेजारी बसलेली होती. मले वाटलं, असंच काहीतरी बोलू राह्यला.”

“म्हटलं असंल. त्यात काय? सगळ्या गावाले माहीत होतं, वहिनी गाडीत बसून...”

“कुणाला माहीत होतं?” अक्का गावाकडे वळल्या. “हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. उखर्डू आबा हळू आवाजात म्हणाले, “मले बी नव्हतं माहीत.”

“खोटं शे सगळं! बायका काहीही...” चंदन खुर्चीवरून उठला, आणि तेव्हा मागून अभिमन पुढे आला.

“बस खाली,” तो म्हणाला. “अक्का, मीच पऱ्हाट्या जाळत होतो. हा माझ्या बांधावर उभा होता, फोन धरून. म्हणे, धुरात ट्रक कसा झकास दिसतो. मी बोललो नाही, कारण...” त्यानं आबांकडे पाहिलं. “आगीत तुमची तीन झाडं होरपळली, भाऊ. आधीच बांधाचं भांडण. म्हटलं, आता कोर्टात नेता की काय. पोरगा गेला ऐकून तर माझी जीभच उचलेना.”

आबा त्याच्याकडे वळले. “तीन झाडांसाठी?” ते म्हणाले. “अरे, पोरापुढे बाग पेटवून दिली असती मी.”

चंदनचा डाव आता उघडा पडला होता. उत्तरेचा रस्ता पेटला असं वाटलं की केळी त्याच्याच दारात येणार, आणि कुंदनचाच ट्रक जळला म्हटल्यावर पुन्हा त्या रस्त्यानं माल न्यायचं कुणी नावही काढणार नाही. कुंदनचा फोन लागत नाही हे कळताच त्यानं संधी साधली; लढाईच्या दिवसांत लोक काहीही खरं मानतात, एवढं एकच गणित त्यानं केलं होतं. एका बाईचा जीव टांगणीला लागेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. पोलिसांची जीप पाराशी येऊन थांबली तेव्हा तो आपणहून चालत गेला. शेतकऱ्यांनी त्याला वाट करून दिली, पण कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गावात एकच गलका झाला. तरीही रूपा हात खाली सोडून तशीच उभी होती. चोर सापडला होता. कुंदन कुठे होता?

तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. अनोळखी नंबर.

तिनं तो कानाला लावला. पलीकडे ट्रकांची घरघर होती, आणि त्यातून एक आवाज ओरडून बोलत होता, “रूपा? अगं, हे काय चाललंय पारावर?”

“कुंदन!” ती ओरडली. अक्कांनी तिच्या हातातला फोन घेतला आणि मोठ्या आवाजावर लावून योगेंद्रच्या माईकसमोर धरला.

“फोन नाक्यावर जमा करून घेतले होते सगळ्या ड्रायव्हरांचे,” कुंदन सांगत होता. “लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या ना, कुणी व्हिडिओ काढू नये म्हणून. आत्ता परत मिळाले. माझ्या फोनचा जीव गेलेला. शेजारी भुसावळचा एक ड्रायव्हर हाय, त्याच्या फोनात बघतो तर आपला मारुती, अन् तू हात वर करून उभी! आबा बरे हायेत ना?”

आबा फोनजवळ सरकले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, “माल?”

“काल सकाळीच उतरवला, आबा! रस्ता चालू हाय. अठी गिऱ्हाईक वाट बघू राह्यलं. सगळ्यांले सांगा, कापणी थांबवू नका.”

पारावर टोप्या उडाल्या. ज्या शेतकऱ्यांच्या माना दिवसभर खाली होत्या, त्यांनी योगेंद्रला माईकसकट उचलून धरलं, आणि तो हवेत लटकत ‘झालेल्या चुकीबद्दल तापी दर्पण दिलगीर आहे’ असं जगाला सांगू लागला. अभिमन आणि आबा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि दोघांपैकी कोण रडतंय ते कळत नव्हतं. भागाबाईनं रूपाचा तो डावा हात दोन्ही हातांत घेतला, बांगड्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, “तुझ्या आईले सांग व माय, पुढच्या अखाजीले मले बी असंच लाखेचं कडं पाठव.”

रूपा रडत रडत हसली. अक्का चष्म्याच्या काचा पुसत होत्या आणि धुळीला दोष देत होत्या.

आबांनी फोन हातात घेतला. “कुंदन,” ते म्हणाले, आणि गाव ऐकायला पुढे सरकलं. “पुढच्या खेपेला सूनबाईले रावेरपर्यंत ने. गावातून ने, सगळ्यांसमोरून. मारुतीजवळ उतरायची काही गरज नाही.”